रांगेत कोण कुठे? नादारी, दिवाळखोरी आणि थकलेला कर

गेल्या पावसाळ्यात एक गृहस्थ माझ्या ऑफिसात आले आणि किराणा दुकानाची एक पिशवी टेबलावर ठेवून गप्प बसले. पिशवीत सत्तावीस पाकिटं होती. त्यातली एकोणीस त्यांनी उघडलीच नव्हती. एमआयडीसीत फॅब्रिकेशनचं छोटं वर्कशॉप, आठ कामगार, प्रायव्हेट लिमिटेड कंपनी, डायरेक्टर ते आणि त्यांची पत्नी. एका मोठ्या गिऱ्हाइकाने पैसे अडकवले आणि तिथून सगळं घसरत गेलं.

"मॅडम, मला दिवाळखोरी जाहीर करायची आहे. एकदा केली की सगळे मागे लागायचे थांबतात ना?" त्यांनी विचारलं. शेजारी बसलेल्या वहिनींनी हळूच दुसरा प्रश्न विचारला, "घर जाईल का हो आमचं?"

मी करसल्लागार आहे, कोर्टात उभं राहणं हे वकिलाचं काम. पण हे दोन प्रश्न मला इतक्या लोकांनी विचारले आहेत, की त्यांची उत्तरं एकदा नीट लिहून काढावीत असं फार दिवस मनात होतं. कर्ज बुडतं तेव्हा माणूस आकड्याकडे बघत बसतो. आधी बघायचं असतं ते वेगळंच: कर्ज कोणाच्या नावावर आहे, त्याला तारण काय आहे आणि वसुलीच्या रांगेत कोण कुठे उभा आहे.

म्हणून आम्ही आधी पाकिटं उघडली आणि टेबलावर ढीग केले. बँकेचा ढीग, कंपनीच्या नावावरचे ५८ लाख. पतसंस्थेचा ढीग, त्यांच्या स्वतःच्या नावावरचे ४ लाख, जामीनदार मेहुणा. जीएसटीचे ६ लाख ४० हजार. आयकराची २ लाख ८४ हजारांची मागणी. स्टीलच्या व्यापाऱ्याचे १६ लाख, गॅल्व्हनायझिंग करून देणाऱ्याचे २ लाख. शेवटी एक देणं असं निघालं, ज्याचा कागदच नव्हता: ओळखीतल्या एका सावकाराचे ३ लाख, त्याच्याकडे पडून असलेल्या दोन कोऱ्या चेकांसह.

नादार आणि दिवाळखोर

बोलताना आपण सरसकट "दिवाळं वाजलं" म्हणतो. कायद्यात मात्र दोन वेगळ्या पायऱ्या आहेत. देणी वेळच्या वेळी फेडण्याची ऐपत उरलेली नाही, ही झाली नादारी. ही एक स्थिती आहे, ती महिनाभराचीही असू शकते. दिवाळखोरी म्हणजे कोर्टाने किंवा न्यायाधिकरणाने आदेश देऊन लावलेला शिक्का. त्या आदेशानंतर तुमची मालमत्ता तुमच्या हातातून निघून दुसऱ्याच्या ताब्यात जाते आणि ती विकून आलेले पैसे देणेकऱ्यांत, म्हणजे ज्यांचं देणं आहे त्यांच्यात, वाटले जातात. स्वतःहून चौकात उभं राहून "मी दिवाळखोर" म्हणाल्याने काहीच होत नाही.

कर्ज फिटत नसेल तर पुढे काय, हा प्रश्न आपल्या मातीत जुना आहे. व्याजाची रक्कम मुद्दलापेक्षा जास्त मागता येणार नाही हा दामदुपटीचा नियम मुंबई इलाख्यातली कोर्टं पाळत आली. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातल्या सुप्यात शेतकऱ्यांनी सावकारांच्या वह्या, कर्जखतं, गहाणखतं जाळली. त्या उठावानंतर १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी खास कायदा झाला. पैशाच्या हुकूमनाम्यापोटी, म्हणजे कोर्टाच्या वसुलीच्या आदेशापोटी, शेतकऱ्याला अटक करायची नाही असं त्यात आलं आणि त्याच्या नादारीची वेगळी सोयही आली. ऋणकोलाही, म्हणजे कर्जदारालाही, श्वास घ्यायला जागा हवी, हे इथल्या माणसांनी किंमत मोजून कायद्यात आणलेलं आहे. म्हणून असा अर्ज करणारा माणूस तोंड लपवत येतो तेव्हा मला वाईट वाटतं.

कर्ज माणसाच्या नावावर असेल तर

इथे पहिला गैरसमज दूर करते. २०१६ ची नादारी व दिवाळखोरी संहिता वर्तमानपत्रात रोज दिसते, पण ती प्रामुख्याने कंपन्यांसाठी चालते. व्यक्ती आणि भागीदारी पेढ्यांसाठी तिच्यात एक पूर्ण भाग लिहिलेला आहे. त्यातला लागू झालेला तुकडा एकच: कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणारे, तेही १ डिसेंबर २०१९ पासून. अगदी गरीब ऋणकोसाठी "नवी सुरुवात" नावाची तरतूद त्यात आहे. वार्षिक उत्पन्न ६०,००० रुपयांच्या आत, मालमत्ता २०,००० च्या आत, माफीला पात्र कर्ज ३५,००० च्या आत आणि स्वतःचं घर नाही, अशांसाठी. तीही कागदावरच राहिली आहे. हा कायदा केला तेव्हा सगळ्यात आधी ही तरतूद चालू व्हायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

मग पगारदार माणूस, एकट्याच्या मालकीचं दुकान चालवणारा, यांनी जायचं कुठे? इंग्रजांच्या काळातल्या कायद्यांकडे. मुंबई शहरात १९०९ चा कायदा चालतो आणि अर्ज हायकोर्टात होतो. उरलेल्या महाराष्ट्रात १९२० चा, तिथे जिल्हा न्यायालय. १९२० च्या कायद्यात अर्जासाठी कर्जाची किमान रक्कम ५०० रुपये आहे. ती त्या काळची आहे आणि कुणी बदललेली नाही.

अर्जात सगळी देणी, सगळ्या देणेकऱ्यांची नावं, सगळी मालमत्ता लिहावी लागते. कोर्टाने नादार ठरवलं (या जुन्या कायद्यांत आदेशाच्या शिक्क्यालाही नादारीच म्हणतात) की मालमत्ता कोर्टाच्या किंवा कोर्टाने नेमलेल्या रिसीव्हरच्या ताब्यात जाते आणि बिनतारणाच्या देणेकऱ्यांना कोर्टाच्या परवानगीशिवाय तुमच्यावर वेगळा दावा लावता येत नाही. घर किंवा गाडी तारण असलेल्या बँकेला हा अडसर नाही, ती तारणावर हात टाकू शकते. पुढे ठरलेल्या मुदतीत देण्यांतून मुक्ततेचा अर्ज करायचा असतो, आणि नेमकं हेच लोक विसरतात. तो केला नाही तर नादारीचा आदेशच रद्द होऊ शकतो. मुक्तता मिळेपर्यंत कंपनीचं डायरेक्टर होता येत नाही, आमदार-खासदार होता येत नाही.

मुक्तता मिळाली तरी सगळी देणी पुसली जात नाहीत. फसवणुकीतून आलेलं कर्ज राहतं, पोटगी राहते आणि सरकारचं देणं राहतं. वाटपाच्या वेळीही सरकार पहिल्या रांगेत असतं. म्हणजे माणूस नादार झाला तरी त्याचा कर नादार होत नाही.

तुरुंगाची भीती बहुतेकांना असते. तिचं उत्तर असं: नुसतं पैसे नाहीत म्हणून आत टाकता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात हे सांगितलं. ऐपत असून टाळाटाळ केली, पैसा दडवला, तर दिवाणी कैद होऊ शकते, तीही जास्तीत जास्त तीन महिने. पैशाच्या हुकूमनाम्यात बाईला अटक करता येतच नाही. दिवाणी जप्तीतही काही गोष्टींना टाच लावता येत नाही: अंगावरचे कपडे, स्वयंपाकाची भांडी, अंथरूण, कारागिराची हत्यारं, शेतकऱ्याची अवजारं, जनावरं आणि बियाणं. पगारातले पहिले १,००० रुपये आणि उरलेल्याचे दोन तृतीयांश हुकूमनाम्यातून वाचतात. भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही वाचते. चेक न वटणं मात्र फौजदारी आहे, दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड होऊ शकतो. नोटीस हातात पडल्यापासून पैसे भरायला १५ दिवस असतात. कोरे चेक देऊ नका असं मी जीव तोडून सांगते ते यासाठी.

पतसंस्थेची गोष्ट वेगळी. तिला दिवाणी दावा लावावा लागत नाही. ती महाराष्ट्र सहकारी संस्था कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकांकडून वसुली दाखला काढते, आणि तो हातात आला की वसुली अधिकारी थेट जप्ती करू शकतो. त्याविरुद्ध पुनरीक्षणाला जायचं तर आधी निम्मी रक्कम भरावी लागते. जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते; "आधी त्याच्याकडून घ्या, मग माझ्याकडे या" असं त्याला म्हणता येत नाही. टेबलावरच्या ४ लाखांत मेहुण्याचा पगार अडकला होता. म्हणून रक्कम लहान असूनही मी तो ढीग वर ठेवला.

सावकाराकडे परवाना नव्हता. महाराष्ट्र सावकारी (नियमन) अधिनियम, २०१४ नुसार बिनपरवाना सावकारी हा गुन्हा आहे आणि तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकांकडे करता येते. हे ऐकल्यावर ते गृहस्थ पहिल्यांदा ताठ बसले.

कंपनी, तारण आणि हमी

बँकेच्या ढिगातलं एक पाकीट सरफेसी कायद्याच्या नोटिशीचं होतं. ९० दिवस हप्ता थकला की खातं एनपीए, म्हणजे थकीत खात्यांत जमा, होतं, मग बँक ६० दिवसांची नोटीस देते. त्या मुदतीत तुम्ही लेखी हरकत घेतली तर बँकेला १५ दिवसांत कारणांसह उत्तर द्यावं लागतं. मुदत संपली की बँक कोर्टात न जाता तारणाचा ताबा घेऊ शकते. ताब्याविरुद्ध ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणात जाता येतं. पुण्यात आणि नागपुरातही ते आहे. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही. सहकारी बँका मात्र तो वापरू शकतात, कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका सहकारी बँकेच्या खटल्यात मे २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने तसा निकाल दिला. त्या दिवशी नोटिशीचा एक्केचाळिसावा दिवस होता. हातात एकोणीस दिवस होते.

"कंपनीचं दिवाळं काढता येईल का?" या प्रश्नाचं उत्तर आकड्यात दडलेलं आहे. २४ मार्च २०२० पासून कंपनीच्या नादारी प्रक्रियेसाठी किमान १ कोटी रुपयांची थकबाकी लागते. आमच्या टेबलावरची सगळी बेरीज ९२ लाखांच्या आसपास होती. लघुउद्योग कंपन्यांसाठी २०२१ साली प्री-पॅक नावाचा मार्ग आला. त्याला किमान १० लाखांची थकबाकी पुरते, मालक कारखाना चालवत राहतो, पण देणेकऱ्यांशी आधी बोलणी पक्की करून यावं लागतं. आजवर तो फारच थोड्यांनी वापरला.

मोठ्या कंपनीत प्रक्रिया सुरू झाली की राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरण स्थगिती देतं. दावे थांबतात, जप्त्या थांबतात, कंपनीचा कारभार नेमलेल्या नादारी-तज्ज्ञाच्या हाती जातो आणि कर्ज देणाऱ्यांची समिती ६६ टक्के मतांनी तोडगा निवडते. बाहेरची मर्यादा ३३० दिवस, प्रत्यक्षात त्याहून जास्त लागतात. तोडगा निघाला नाही तर कंपनी मोडीत निघते, आणि इथे ती रांग लागते.

सगळ्यात पुढे प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांचं २४ महिन्यांचं देणं आणि तारण सोडून दिलेली बँक, दोघं बरोबरीने. मग इतर कर्मचाऱ्यांचा वर्षाचा पगार. मग बिनतारण कर्ज देणारे. त्यानंतर सरकारचे दोन वर्षांचे कर. कच्चा माल पुरवणारा व्यापारी सरकारच्याही मागे. शेवटी भागधारक, त्यांच्या वाट्याला बहुतेकदा काहीच येत नाही. कामगारांचा भविष्य निर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटी फंड या वाटपाबाहेर ठेवलेले आहेत.

बघा, माणसाच्या नादारीत पहिल्या रांगेत बसणारं सरकार कंपनीच्या मोडणीत किती मागे सरकलं. म्हणूनच यावर मोठे खटले झाले. एप्रिल २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की तोडगा मंजूर झाला की त्यात न आलेली करांसह सगळी जुनी देणी संपली. सप्टेंबर २०२२ मध्ये रेनबो पेपर्सच्या निकालात, गुजरातच्या व्हॅट कायद्यातल्या "पहिला बोजा" (मालमत्तेवर सगळ्यात आधीचा हक्क) या शब्दांमुळे, तेच सरकार बँकेसारखं तारणधारक देणेकरी ठरलं आणि बँका हादरल्या. जुलै २०२३ मध्ये रमण इस्पातच्या निकालात कोर्टाने रेनबोची व्याप्ती आवळली. या भागातला कायदा हलता आहे, पाऊल टाकताना त्या दिवशीचा मजकूर वकिलाकडून तपासून घ्याच.

आता हमी. बँकेने कर्ज देताना डायरेक्टरची वैयक्तिक हमी घेतलेली असतेच. मे २०२१ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट केलं की कंपनीचं कर्ज तोडग्यात मिटलं तरी हमीदार आपोआप सुटत नाही. वहिनींच्या प्रश्नाचं उत्तर इथे होतं. घर तारण नव्हतं, त्यामुळे बँक उद्या येऊन कुलूप लावणार नव्हती. पण दोघांनी हमी दिलेली असल्याने वसुलीचा आदेश झाला तर घरापर्यंत पोचता येत होतं.

त्यांच्या एका मित्राने सल्ला दिला होता, "घर आत्ताच मुलाच्या नावावर बक्षीसपत्र करून टाक." मी त्यांना हात जोडून थांबवलं. देणेकऱ्यांना चुकवण्यासाठी केलेलं हस्तांतर कोर्ट रद्द करू शकतं. १९२० च्या कायद्यात आदल्या दोन वर्षांतले असे व्यवहार उलटवता येतात, आणि कराचं प्रकरण चालू असताना केलेलं हस्तांतर कर खात्यापुढे टिकत नाही. वर, प्रामाणिक ऋणको म्हणून जी सवलत मागायची तीच हातची जाते.

थकलेल्या कराचं काय करायचं

करामध्ये एक भेद आधी मनात पक्का करा. गिऱ्हाइकाकडून घेतलेला जीएसटी, दुसऱ्याच्या पैशातून कापलेला टीडीएस, कामगाराच्या पगारातून कापलेला भविष्य निर्वाह निधी, हे पैसे तुमचे कधी नव्हतेच. ते वापरले तर फौजदारी खटला उभा राहू शकतो. चार पैसे हातात आले की आधी हे भरा, मग बाकी बोलू.

जीएसटीत हप्ते मिळतात, कमाल २४ मासिक हप्ते, १८ टक्के व्याजासह. अर्ज पोर्टलवरच, डीआरसी-२० फॉर्ममध्ये. पण तुम्ही स्वतः रिटर्नमध्ये दाखवलेली आणि न भरलेली रक्कम हप्त्यात येत नाही, आणि एक हप्ता चुकला की सगळी रक्कम एकदम देय होते. अपिलात जायचं तर वादातल्या कराच्या १० टक्के आधी भरावे लागतात. डायरेक्टरांनी एक लक्षात ठेवावं: प्रायव्हेट कंपनीकडून कर वसूल होत नसेल तर खातं डायरेक्टरांकडे येऊ शकतं. आपल्या निष्काळजीपणामुळे वसुली बुडालेली नाही, हे सिद्ध करायची जबाबदारी तेव्हा त्यांची.

आयकराच्या मागणीवर ३० दिवसांनंतर दरमहा १ टक्का व्याज चढतं. हप्ते मागता येतात. अपील चालू असेल तर साधारणपणे मागणीच्या २० टक्के भरून उरलेल्याला स्थगिती मिळते. व्याज माफीचा अर्जही असतो. खरी अडचण, परिस्थिती हाताबाहेरची आणि चौकशीत सहकार्य, हे तिन्ही दाखवावं लागतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आल्याने कलमांचे क्रमांक बदलले आहेत, जुन्या नमुन्यावरून अर्ज उतरवू नका.

मधूनमधून थकबाकीत सवलत देणाऱ्या अभय योजना येतात. केंद्राची "विवाद से विश्वास" २०२० आणि २०२४ मध्ये आली. महाराष्ट्राने जीएसटीपूर्वीच्या व्हॅटसारख्या करांसाठी २०२२ आणि २०२३ मध्ये थकबाकी तडजोडीचे कायदे केले. २०२३ च्या योजनेत वर्षाला २ लाखांपर्यंतची थकबाकी पूर्ण माफ झाली. अशी खिडकी थोडे महिने उघडी असते. पुढची येईल म्हणून मात्र कर थकवू नका, व्याज कुणासाठी थांबत नाही.

वडिलांचं देणं मुलांवर येतं का, हेही खूप जण विचारतात. वारशात जेवढं आलं तेवढ्यापुरतंच. वारसा आला नसेल तर मुलाने स्वतःच्या कमाईतून फेडायची सक्ती नाही, करासाठीही हाच नियम.

पैसे अडकलेल्या माणसासाठी

पुरवठादाराचं दुःख कमी नसतं, त्याच्याही घरी हप्ते असतात. तीन वर्षांची मुदत ही त्याची पहिली शत्रू. तीन वर्षांत दावा केला नाही तर हक्क कोर्टात चालत नाही. मुदत संपण्याआधी ऋणकोने लेखी कबुली दिली किंवा थोडी रक्कम भरली तर मुदत पुन्हा सुरू होते. म्हणून वर्षाअखेरीला खातेउतारा पाठवून सहीशिक्क्यासह परत घ्यायची जुनी पद्धत सोडू नका.

उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म आणि लघु उद्योगांना चांगलं हत्यार आहे. ४५ दिवसांत पैसे आले नाहीत तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट, दरमहा चक्रवाढ व्याज मागता येतं. तक्रार सुविधा परिषदेकडे जाते, आणि तिच्या निवाड्याला आव्हान द्यायचं तर खरेदीदाराला ७५ टक्के रक्कम आधी भरावी लागते. हे माल बनवणाऱ्याला आणि सेवा देणाऱ्याला आहे, नुसत्या व्यापाऱ्याला नाही. आमच्या टेबलावरच्या दोघांपैकी गॅल्व्हनायझिंगवाला यात बसत होता, १६ लाखांचा स्टील व्यापारी बसत नव्हता.

गिऱ्हाईक कंपनी नादारी प्रक्रियेत गेली तर मराठी वर्तमानपत्रात बारीक टायपात जाहीर नोटीस येते. तिच्यात दिलेल्या तारखेच्या आत दावा दाखल करा, बिलं, चलनं आणि खातेउतारा जोडून. मी चार ओळींची ती नोटीस न वाचल्यामुळे रांगेतूनच बाहेर पडलेले व्यापारी पाहिले आहेत. बुडलेली रक्कम पूर्वी उत्पन्नात दाखवलेली असेल तर हिशोबातून काढून आयकरात वजावट मिळते. त्या विक्रीवर भरलेला जीएसटी मात्र परत येत नाही. मला हा अन्याय वाटतो.

पुढे काय झालं

दिवाळखोरीचा अर्ज आम्ही केला नाही. पहिल्या आठवड्यात बँकेला लेखी हरकत आणि सोबत प्रस्ताव गेला: एमआयडीसीतला प्लॉट आणि दोन यंत्रं स्वतः गिऱ्हाईक आणून विकू, लिलावात येते त्याहून चांगली किंमत येईल, त्यातून एकरकमी तडजोड करू. बँकेने तीन महिन्यांची मुदत दिली. तडजोडीची नोंद क्रेडिट रिपोर्टमध्ये राहील आणि निदान वर्षभर ती बँक नवं कर्ज देणार नाही, हे त्यांना आधीच सांगितलं. पतसंस्थेचं कर्ज वहिनींनी बांगड्या मोडून फेडलं, तो निर्णय त्यांचा होता. सावकाराविरुद्ध उपनिबंधकांकडे अर्ज गेला. जीएसटीतली जेवढी रक्कम अधिकाऱ्याच्या आदेशातून आली होती तिचे हप्ते बांधून घेतले.

वसुलीवाल्यांचे रात्रीचे फोन त्यांना फार लागले होते. सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर वसुलीसाठी फोन करू नये असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे, तो आम्ही पत्रात लिहिला. वकील परवडत नसेल तर विधी सेवा प्राधिकरणाचा १५१०० हा नंबर आहे, आणि रात्री जीव नकोसा वाटत असेल तर टेलिमानसचा १४४१६. दोन्ही नंबर मी त्यांच्या पिशवीवरच पेनाने लिहून दिले.

आयकराच्या २ लाख ८४ हजारांच्या मागणीचं पाकीट सगळ्यात शेवटी उघडलं, कारण त्याचीच त्यांना सर्वांत जास्त भीती होती. आत बघितलं तर गिऱ्हाइकाने कापलेला टीडीएस चुकीच्या पॅनवर भरल्यामुळे क्रेडिट मिळालेलं नव्हतं. गिऱ्हाइकाकडून टीडीएस रिटर्न सुधारून घेतलं, दुरुस्तीचा अर्ज केला आणि मागणी शून्यावर आली. ते पाकीट चौदा महिने कपाटावर पडून होतं. वहिनी आता घरी येणाऱ्या प्रत्येक पाकिटावर आल्याची तारीख पेन्सिलने लिहितात आणि त्याच दिवशी ते उघडतात.